अमेरिकेचे लष्करी तळ बांधणाऱ्या कॉन्ट्रॅक्टरांबद्दल तुमचे प्रश्न

प्रश्न: अमेरिकन सैन्याकडे स्वतःचे इंजिनिअर असतात ना, मग खासगी कंपन्या कशाला?

असतात की, पण ते सुरुंग काढण्यात, पूल टाकण्यात अडकलेले असतात आणि बंदर, धावपट्टी, मेस, संडास ही कामं संपतच नाहीत. व्हिएतनाममध्ये 1962 ते 1972 चार कंपन्यांच्या आरएमके-बीआरजे या आघाडीने बंदरं नि विमानतळ उभे केले, त्यात राबणारे बहुतेक व्हिएतनामीच. पुढे 1985 मध्ये लॉगकॅप नावाची स्कीमच काढली, म्हणजे कॉन्ट्रॅक्टर आधीच ठरवून ठेवायचा.

प्रश्न: हे लोक शत्रूच्या हाती लागले तर सैनिक धरतात की साधे नागरिक?

1949 च्या तिसऱ्या जिनिव्हा करारात सैन्यासोबत असणाऱ्या कॉन्ट्रॅक्टरच्या माणसांनाही युद्धकैद्याचा दर्जा आहे, त्यासाठी सैन्याने ओळखपत्र द्यायचं असतं, म्हणून ते कार्ड सुटकेसच्या तळाशी टाकू नका. प्रशांत महासागरातल्या अमेरिकेच्या वेक बेटाचंच बघा ना. डिसेंबर 1941 मध्ये जपान्यांनी बेट घेतलं तेव्हा तिथे अकराशेवर सिव्हिलियन बांधकाम कामगार होते. बाकीच्यांना हलवलं पण 98 जणांना कामासाठी ठेवून घेतलं आणि ऑक्टोबर 1943 मध्ये अमेरिकन हवाई हल्ल्यानंतर त्यांना मारायचा हुकूम निघाला. एकजण निसटला, त्याने प्रवाळाच्या खडकावर कोरलं, '98 यूएस पीडब्ल्यू 5-10-43', म्हणजे 98 अमेरिकन युद्धकैदी. मग तोही सापडला, त्यालाही मारलं. खडक अजून आहे तिथे. वेक पडल्यावर लगेच, 1942 च्या सुरुवातीलाच, नौदलाने सीबीज उभे केले, म्हणजे बांधकामवालेच पण वर्दीतले आणि बंदूक असलेले.

प्रश्न: या कामात एवढा पैसा वाया का जातो?

कॉस्ट-प्लस. जो खर्च होईल तो सरकार देणार, वर फी. मग काटकसर कोण कशाला करेल? त्यात गोळीबार चालू असताना बिल तपासायला साइटवर जाणार कोण! 2011 मध्ये अमेरिकन संसदेने नेमलेल्या आयोगाने इराक-अफगाणिस्तानातल्या कंत्राटांत 31 ते 60 अब्ज डॉलर उधळपट्टी आणि फसवणुकीत गेले असा अंदाज दिला. मला विचाराल तर चोरीपेक्षा बिनकामाची बांधकामंच जास्त महागात पडतात.

प्रश्न: मी अमेरिकन नाही, सबकॉन्ट्रॅक्टरकडे वेल्डर आहे. तळावर जखमी झालो तर भरपाई?

मिळते. 1941 चा डिफेन्स बेस ॲक्ट नागरिकत्व बघत नाही, सबकॉन्ट्रॅक्टरच्या माणसालाही लागू होतो, पण खालच्या माणसाला हे कोणी सांगतच नाही. दुखापत झाली की 30 दिवसांत मालकाला लेखी कळवायचं, क्लेमला साधारण एक वर्ष असतं. सुपरवायझर म्हणेल तोंडी सांगितलंस ना, बास झालं, तर ऐकू नका, कागद द्या आणि त्याचा फोटो घरी पाठवून ठेवा. आणि पासपोर्ट कोणी 'सेफ्टीसाठी' ठेवून घेत असेल तर सरळ तक्रार करा, अमेरिकन कंत्राटात ते चालत नाही.