हातगुण वगैरे काही नसतं

पोरी,

तुझा मेसेज वाचला, परत वाचला आणि चिडले. कोंबडीची पिल्लं मेली म्हणून नाही. माझी तुझ्यापेक्षा पुष्कळ जास्त मेली आहेत. चिडले ते शेवटच्या ओळीवर. "माझ्या हातालाच गुण नाही वाटतं, मावशी." हे वाक्य तुझं नाही, तुझ्या आजीचं आहे. आजीला मी काही म्हणणार नाही. तिच्या काळी मानमोडी, म्हणजे कोंबड्यांची जीवघेणी साथ, आली की सकाळी खुराडं उघडायचं आणि टोपलीत भरून पाखरं न्यायची, दुसरा इलाज कोणाच्याच हातात नव्हता. मग माणूस हातगुण म्हणतो, नजर म्हणतो, मरीमायचा कोप म्हणतो. तू प्राणिशास्त्र घेऊन कॉलेजात जातेस. तू ते उचलून स्वतःच्या कपाळी मारून घ्यावंस, हे मला सहन होत नाही.

तर एकच गोष्ट सांगते, आणि पत्रभर तीच सांगणार आहे, कंटाळलीस तरी. पाखरू मेलं की पहिला प्रश्न "कशानं?" रडायचं असेल तर नंतर रड. रडण्याला माझी ना नाही.

आता तुझीच पिल्लं घे. तू लिहिलंस, "सकाळी पाहिलं तर कोपऱ्यात एकावर एक पडलेली, खालची चपटी झालेली." अगं, उत्तर तूच लिहून पाठवलंस की! गारठली, ऊब शोधत एकमेकांवर चढली आणि खालची गुदमरली. श्रावणातली झड, खाली ओली जमीन, आणि तुझ्या फोटोत डालीवर टांगलेला तो पांढराशुभ्र एलईडी. त्यात उजेड आहे, ऊब नाही. जुना पिवळा बल्ब लागतो, साठ किंवा शंभर वॅटचा. आता शोधावा लागतो, पण भंडाऱ्याच्या एखाद्या जुन्या इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतो. पहिल्या आठवड्यात पिल्लाला ३५ अंशांच्या आसपास ऊब हवी, मग दर आठवड्याला दोन-तीन अंश कमी. थर्मामीटर नसला तरी अडत नाही, पिल्लंच सांगतात. बल्बखाली गोळा होऊन चिवचिवाट करत असतील तर थंडी आहे. चोच उघडी टाकून कडेला पांगली तर उकडतंय. सगळीकडे पसरून, टिपत, मधेच पाय ताणून झोपत असतील तर तू जाऊन जेवायला बस. कोपरे पुठ्ठ्यानं गोल करून टाक, म्हणजे चेंगरायला कोपराच उरत नाही. खाली धानाचं तूस घाल, दोन बोटं जाड. वर्तमानपत्र नको, त्यावर पाय घसरतात आणि पिल्लू जन्माचं फेंगडं होतं. आणि लाइन जाणार हे धरूनच चाल, आपल्याकडे ती जातेच. त्या रात्री गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून ठेवायच्या.

यात कुठे आला हातगुण? बल्ब होता.

मोटारसायकलला पिंजरे बांधून गावोगाव फिरणाऱ्याकडून घेतलीस, हेही लिहिलंस. घेऊ नये असं नाही, मीही घेतली आहेत. पण ती पिल्लं आईविना, कुठल्या तरी मशीनमधून निघालेली, लस झाली की नाही याचा पत्ता नसलेली. जुन्या पाखरांत सोडण्याआधी दोन आठवडे वेगळी ठेवायची. त्याला विचारलंस का लसीचं? नसशीलच. पुढच्या वेळी विचार, आणि तो "झाली ना ताई" म्हणाला तरी झाली नाही असं धर.

मानमोडीबद्दल मी जरा जास्तच बोलते, घरचेही तेच म्हणतात. पण ऐक. पुस्तकात तिला राणीखेत म्हणतात, कुमाऊँमधल्या गावावरून. शंभरएक वर्षांपूर्वी आपल्या देशात तिथे तिची नोंद झाली. हिरवट पातळ शी, तोंड वासून घरघर, मग मान पिळवटते, पाखरू गोल गोल फिरतं. लागण झाली की औषध नाही. कोणी पुडी दिली, कोणी कांद्याचा रस सांगितला तरी नाही. आहे ती फक्त आधीची लस. पाच-सात दिवसांच्या पिल्लाला लासोटाचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकात, चौथ्या आठवड्यात परत, आणि आठ आठवड्यांच्या पुढे आर-टू-बी ही दुसरी लस टोचून. तू म्हणशील, माझी उरली आहेत सहा, शंभर मात्रांची बाटली कशाला फोडू? हेच सगळं गाव म्हणतं, आणि म्हणूनच दरवर्षी गाव झाडून जातं. बाटली कालवली की तासा-दोन तासांत संपवावी लागते, बर्फात ठेवावी लागते, एकटीनं परवडत नाही. म्हणून शेजारणी जमवायच्या. आमच्या मोहल्ल्यात हे सुरू करताना लोक हसले. "हे बाई कोंबड्याइले पोलिओचा डोस पाजून रायली!" असं चावडीवर म्हणायचे. हसणाऱ्यांच्याच बायका आता आदल्या रात्री पाखरं डालीखाली झाकून ठेवतात. एवढं मला मिरवू दे.

"कशानं" म्हणजे चाकू घेऊन मेलेलं पाखरू फाडणं नव्हे, हे सांगून ठेवते, कारण तुझा स्वभाव मला माहीत आहे. एखादं मेलं तर प्लास्टिकच्या दुहेरी पिशवीत घालून, बर्फ ठेवून, तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यायचं. एका दिवसात बरीच मेली, तुरे निळे पडले, तर हातच लावायचा नाही, फोन करायचा. २००६ मध्ये देशात बर्ड फ्लू पहिल्यांदा सापडला तो आपल्याच राज्यात, नवापूरला, आणि तिथल्या कोंबड्या लाखोंनी माराव्या लागल्या. आणि मेलेलं पाखरू नाल्यात फेकायचं नाही! खोल खड्डा, चुना, माती. नाल्यात फेकलं की रोग गावभर होतो आणि कुत्र्यांना चटक लागते. मग तीच कुत्री रात्री तुझ्या सांदवाडीत, घरामागच्या वाडीत, येतात.

आता तुझ्या राजहंसांकडे येते. इथे माझा आवाज आपोआप खाली येतो.

मी पहिल्यांदा राजहंसाची अंडी कोंबडीखाली बसवली, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "कायले त्या जीवाचे हाल करते?" राजहंसाचं अंडं गावरान अंड्याच्या तिप्पट जड. कोंबडीखाली चार मावतात, आणि तिला ती उलटता येत नाहीत, म्हणून ती दाणे टिपायला उठली की आपण उलटायची, वरून पाण्याचे थेंब शिंपडायचे. तिचा हिशेब २१ दिवसांचा. इथे लागतो महिना. २१ दिवस झाले, पुढे चालले, बाई उठेना. तुरा फिका पडला, छातीचं हाड लागायला लागलं, तरी बसलेली. मी तिच्यासमोर कणी आणि पाण्याची वाटी नेऊन ठेवायचे आणि ती माझ्याच हाताला टोचायची. शेवटी तीन निघाली, पिवळी-करडी, हिच्या पायाएवढी मान असलेली. त्यांनी डोळे उघडून पहिल्यांदा जी हलताना पाहिली ती आई, संपलं. कॉनराड लॉरेंझ नावाच्या ऑस्ट्रियन माणसानं राजहंसांच्या पिल्लांवर हेच दाखवलं, १९७३ च्या नोबेलमध्ये त्याचा वाटा होता. तुमच्या अभ्यासक्रमात असेलच. अभ्यासक्रमात हे नसेल, की पिसं फुटल्यावर ती तिघं मामा तलावाच्या, म्हणजे मालगुजारांच्या काळातल्या जुन्या तलावाच्या, पाळीवरून सरळ पाण्यात उतरली, आणि कोंबडी काठावर पंख फुगवून इकडून तिकडे पळत, बोंबलत सुटली. एकदा तर पोटापर्यंत पाण्यात शिरली. पोरं मजेत बुड्या मारत होती. अर्ध्या तासानं बाहेर आली, ओली, आणि हिच्याच अंगाला अंग घासून उभी राहिली. मी धुणं सोडून पाहत बसले होते.

एवढ्यासाठी माणूस पाखरं पाळतो. हिशेबाला काही लागत नाही याचं.

राजहंसाच्या पिल्लांचं एक लक्षात ठेव, पुढे लागेल. नुसत्या कोंबडीच्या खाद्यावर त्यांचे पाय वाकतात, कारण त्यांना नायसिन हे जीवनसत्त्व जास्त लागतं. खाद्यात थोडं यीस्ट मिसळायचं, आणि कोवळं गवत पाहिजेच. पाण्याचं भांडं नाकपुड्या बुडतील एवढं खोल हवं, पण आत बसता येईल एवढं पसरट नको. हंसिणीच्या पोटाखाली वाढलेल्या पिल्लाला तिच्या पिसांचं तेल मिळतं. कोंबडीच्या किंवा तुझ्या हाताखालच्या पिल्लाला ते नसतं. लव ओली झाली की ते गारठून जातं. पाण्याचं पाखरू पाण्यानं मेलं की लोक पुन्हा नशीब म्हणायला मोकळे.

तुझी मादी कुत्र्यांनी मारली. नर आता दिवसभर तलावाकडे तोंड करून ओरडतो, खात नाही, आणि बाबा म्हणतात विकून टाक. विकू नकोस. त्यांची जोडी वर्षानुवर्षांची असते, आणि हा प्राणी वीस वर्षंही जगतो. तो शोधतो आहे. काही दिवस शोधेल. त्याला एकटा कोंडून ठेवू नकोस, बाकी पाखरांत राहू दे, गवत हातानं पुढे कर, आणि थंडीच्या तोंडावर एक-दोन लहान माद्या आणू. लगेच जोडी जमेल असं नाही. तोही मानी असतो. आणि हिवाळ्यात तलावावर बाहेरगावची बदकं उतरतात, तेव्हा त्याला तिकडे सोडू नकोस. पाण्यातली पाखरं स्वतः आजारी न दिसता रोग घेऊन फिरतात.

पण मादी गेली कशानं? "कुत्र्यांनी मारली" हे अर्धं उत्तर झालं. कुत्रा आला कुठून? जाळीखाली उकरलं होतं की तुराट्यांचं कूड सडलं होतं? की संध्याकाळी आत घेतलीच नव्हती? तुझ्या मेसेजमध्ये तिच्या डोळ्यांबद्दल सात ओळी आहेत आणि कुंपणाबद्दल एकही नाही. रागावू नकोस. कुत्रा आला तर चार-पाच मारतो आणि तिथेच टाकून जातो. मुंगूस मान आणि डोकं धरतं. रानमांजर पिल्लू उचलून नेतं, मागे दोन पिसं. अंडी गायब आणि टरफलही नाही, तर धामण. सकाळी जमीन झाडायच्या आधी पाहा, सगळं लिहिलेलं असतं. आणि जाळी वीतभर जमिनीत गाडायची, वर दगड.

मेच्या उन्हाबद्दल तेव्हा बोलू. पोती भिजवून टांगणं, दाणा पहाटेच देणं, मातीच्या भांड्यात सावलीतलं पाणी, एवढं तुला येतं.

तुझ्या बाबांनी माझं उदाहरण दिलं म्हणे. "तिचं काय झालं? एवढी वर्षं पाखरं पाळून घराला स्लॅब पडला नाही." पडला नाही, खरं आहे. कंपनीचं शेड टाक, पिल्लं त्यांची, खाद्य त्यांचं, तू फक्त वाढव, असं मलाही सांगून झालं. ज्यांनी टाकलं त्यांच्यातले काही बरे आहेत, काही बँकेचे हप्ते फेडताहेत. मी त्यांना नावं ठेवत नाही. पण त्या पाच हजार पाखरांत एक मेलं तर ते आकड्यात जातं, आणि मला आकड्यात घालवता येत नाही. हा माझा हट्ट आहे असं म्हण. हट्टानंच घरात अंडं कधी कमी पडलं नाही, आणि पोरीच्या नर्सिंगच्या फीचा एक हप्ता नुसत्या कोंबड्यांवर निघाला. हे कोणी बाबांना सांगत नाही.

सल मला आहे, पण वेगळी. सासूबाईंची गावरान जात माझ्याकडे होती, काळी, पायावर पिसं असलेली, वर्षाला तीनदा खुडूक, म्हणजे अंडी उबवायला, बसणारी. मग वनराजा, गिरीराजा या सुधारित जाती आल्या. अंडी दुप्पट, वजन दुप्पट, सगळ्यांनी ते कोंबडे आणले, माझ्याही अंगणात आले. तेव्हा पैसा हवा होता, आणि आज तीच वेळ आली तर आजही आणीन. पण सुधारित जातींत खुडूकपणा राहिलेला नसतो, आणि मिसळत मिसळत तो माझ्या कळपातूनही गेला. आता बसणारी एकच उरली आहे. ती काळी जात कशानं गेली हे मला नीट माहीत आहे, म्हणून निदान तिचा दोष मी कोणाच्या नजरेला देत नाही. तुझ्या आजीकडे तसल्या दोन कोंबड्या आहेत असं ऐकते. त्यांच्यावर बाहेरचा कोंबडा पडू देऊ नकोस. हे जमलं तर बाकी काही नाही केलंस तरी चालेल.

कापायचं की नाही, हेही विचारलं होतंस. मंडईला, दिवाळीनंतरच्या जत्रेला, पाहुणे आले की कोंबडा कापला जाणारच, त्यासाठीच वाढवतो आपण. नाव ठेवलेला कापू नये, म्हणून सगळ्यांना नावं ठेवू नये.

गुरुवारी मी लस आणायला जाते आहे. थर्मास घेऊन सकाळच्या गाडीनं ये, बर्फ मी घेते. येण्याआधी तुमच्या गल्लीतल्या घरोघरी जाऊन पाखरं मोज, पिल्लं वेगळी आणि मोठी वेगळी लिहून आण. आजीलाही विचार, तिची पाखरं त्यात धरू का. आणि येताना तो एलईडी काढून ठेव, नाही तर लाइटबिल वाचवायला बाबा पुन्हा तोच लावतील.

तुझी,
मावशी