विसराळूपणा आणि तीन महिन्यांची साखर : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : वय ४६, ठाण्यात लेखापाल आहे. वर्षभरापासून ओळखीच्या माणसांची नावं ऐन वेळी आठवत नाहीत. जीएसटी रिटर्न वेळेत जातात, पण भरताना आकडे तीन-तीनदा तपासावे लागतात. तीन महिन्यांची साखर, म्हणजे एचबीए१सी, ६.२ आली. उंची १७० सेंटीमीटर, वजन ६४ किलो, म्हणजे मी लठ्ठ नाही. ही डिमेन्शियाची, म्हणजे स्मृतिभ्रंशाची सुरुवात आहे का? स्मरणशक्तीचं टॉनिक घेऊ का?

उत्तर : रिटर्न वेळेत जातात आणि चूक तुमची तुम्हीच पकडता. डिमेन्शियात रोजचे व्यवहारच स्वतःचे स्वतः निभेनासे होतात, तसं तुमचं झालेलं दिसत नाही. मधली एक पायरी असते, तिला डॉक्टर एमसीआय म्हणतात. चाचणीत उणीव दिसते, पण व्यवहार चालू असतात. तुम्ही तिथे आहात का, हे अंदाजाने ठरवू नका. ‘मोका’ नावाची ३० गुणांची चाचणी दहा-पंधरा मिनिटांत होते. २६ पेक्षा कमी गुण आले तर पुढची तपासणी लागते. ती मराठीतून द्या, नाहीतर भाषेपायीच गुण जातात. आणि झोप नीट झालेल्या दिवशी द्या, मार्चअखेरच्या धावपळीत नको.

एचबीए१सी ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाची पूर्वावस्था. आपला मेंदू वजनाने शरीराच्या २ टक्के, पण शरीराच्या ऊर्जेतला २० टक्के वाटा एकटा खातो. शरीर इन्सुलिनला दाद देईनासं झालं, साखर आणि रक्तदाब वर्षानुवर्षं चढे राहिले, की मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या बिघडतात. त्यात बहुधा आधी विचारांचा वेग आणि एकाग्रता कमी होते. तरीही सगळं खापर ६.२ वर फोडू नका. बी१२ जीवनसत्त्व, टीएसएच (थायरॉइडसाठी), हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन (मूत्रपिंडांसाठी) आणि लिपिड प्रोफाइल (रक्तातल्या चरबीसाठी) एकदमच तपासून घ्या. बी१२ किंवा थायरॉइडची कमतरता सापडली तर ती भरून काढता येते. उदासी, अपुरी झोप आणि सर्दीच्या झोप आणणाऱ्या गोळ्या यांनीही असाच विसर पडतो. आणखी एक, लोह कमी असेल तर एचबीए१सी खोटीच जास्त दिसू शकते. तेव्हा उपाशीपोटी आणि ७५ ग्रॅम ग्लुकोज घेतल्यावर दोन तासांनी, अशी साखरही पाहा.

‘लठ्ठ नाही’ यावर विसंबू नका. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये स्वतःचीच मापं ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापली. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के! तुमचा बीएमआयही २२ च्या आसपासच आहे. म्हणून टेप घ्या. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर, पोट आत न ओढता मोजा. पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटीमीटर ही आपल्याकडची मर्यादा.

टॉनिकचे पैसे वाचवा आणि डब्याकडे लक्ष द्या. चार पोळ्या, बटाट्याची भाजी आणि भात हा नुसता पिठाचा मारा आहे. दोन पोळ्या किंवा एक ज्वारीची भाकरी, मोठी वाटीभर घट्ट उसळ, एक पालेभाजी, कोशिंबीर, भात अर्धी वाटी, असा डबा ठेवा. कोशिंबीर आणि उसळ आधी खा, भात शेवटी. पदार्थ तेच असले तरी या क्रमाने साखर कमी चढते. तुमच्या वजनाला दिवसाला साधारण ६० ग्रॅम प्रथिनं हवीत. दोन अंड्यांतून १२, १०० ग्रॅम पनीरमधून १८ आणि वाटीभर घट्ट उसळीतून ७-८ ग्रॅम मिळतात. दोन चमचे साखरेचे चार चहा म्हणजे ३५ ग्रॅमच्या आसपास साखर, ती आधी निम्मी करा. जेवल्यावर लगेच खुर्चीत बसू नका, १५ मिनिटं चाला. आठवड्यातून दोनदा उठाबशा, जोर यांसारखे ताकदीचे व्यायाम करा, कारण जेवणानंतरची साखर मुख्यतः स्नायू उचलतात. भारतात झालेल्या आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आहार-व्यायामाने मधुमेह होण्याचं प्रमाण २८.५ टक्क्यांनी घटलं, मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या गोळीने २६.४ टक्क्यांनी. एचबीए१सी तीन महिन्यांनी पुन्हा करा, त्याआधी फरक नीट दिसत नाही.

प्रश्न : माझे यजमान ५४ वर्षांचे, चाकणला कारखान्यात पहिल्या पाळीला जातात. दहा वर्षं मधुमेह आहे, ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन चालू आहे. दुपारी बाराच्या सुमारास कधीकधी भलतंच बोलतात, चिडतात, घामाघूम होतात आणि जेवल्यावर ठीक होतात. घरीही वस्तू ठेवून विसरतात. मेंदूचा आजार आहे का?

उत्तर : दुपारचा प्रकार साखर उतरण्याचा वाटतो. पहाटे गोळी, वर चहा-बिस्किट आणि जेवण थेट बाराला, असं असेल तर ग्लिमेपिराइड साखर खाली आणतंच. ते घेऊन पोट रिकामं ठेवायचं नसतं. डब्यासोबत ग्लुकोमीटर द्या आणि घोळ होत असतानाच बोट टोचायला सांगा. ७० च्या खाली आकडा आला तर तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यात ढवळून लगेच प्यायचं आणि १५ मिनिटांनी पुन्हा मोजायचं. तरी ७० च्या खालीच असेल तर पुन्हा तेवढंच. वर आली की पोळी-भाजी. पेढा, चॉकलेट नको, त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर उशिरा चढते. मीटर हाताशी नसेल तर साखर आधी द्या. शुद्ध गेली तर तोंडात काहीही घालू नका, १०८ ला फोन करा. साखर उतरलेली असताना यंत्रावर उभं राहायचं नाही, गाडी चालवायची नाही. सोबतच्या एकदोघा कामगारांना हे सांगून ठेवा, नाहीतर माणूस पिऊन आलाय असं समजतात आणि मदत मिळायला उशीर होतो.

गोळी आपल्या मनाने बंद करू नका, पण याच आठवड्यात डॉक्टरांना पाळीची आणि जेवणाची वेळ सांगून डोस किंवा औषध बदलून घ्या. साखर वारंवार फार उतरणं मेंदूलाही बाधतं.

घरच्या विसरण्यासाठी बी१२ पाहा. वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत ते कमी होतं, शाकाहारी माणसात अधिक. २०० पिकोग्रॅमच्या खाली कमतरता, २०० ते ३०० संशयास्पद. रक्त आधी द्या, मग गोळ्या-इंजेक्शनं सुरू करा. आधीच सुरू केलं तर आकडा फुगतो आणि काही कळत नाही. तळपायांना मुंग्या येत असतील किंवा चालताना तोल जात असेल तर डॉक्टरांकडे जायला थांबू नका.

प्रश्न : वय ५०, रक्तदाब १४६/९०. त्रास काहीच नाही. गोळी हवीच का?

उत्तर : आधी घरी सात दिवस नीट मोजा. अर्धा तास आधी चहा-तंबाखू नको. पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून, पाच मिनिटं गप्प बसा. दंड हृदयाच्या पातळीत हवा. सकाळ-संध्याकाळ मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा. पहिला दिवस सोडून उरलेल्यांची सरासरी १३५/८५ किंवा जास्त असेल तर उपचार लांबवू नका. त्रास नसला तरी मेंदूचं नुकसान चालूच असतं. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या ‘स्प्रिंट माइंड’ अभ्यासात वरचा आकडा १४० ऐवजी १२० च्या खाली ठेवायचं ठरवलेल्या गटात एमसीआय १९ टक्क्यांनी कमी आढळला. तुमच्यासाठी आकडा किती हवा, ते डॉक्टर ठरवतील. मिठाचा हिशेब मात्र तुमच्या हातात आहे. माणशी दिवसाला ५ ग्रॅमची मर्यादा धरली तर चार माणसांच्या घरात किलोची पुडी पन्नास दिवस पुरायला हवी. लोणचं, पापड आणि फरसाणातलं मीठही याच ५ ग्रॅमांत धरायचं, म्हणजे पुडी त्याहूनही जास्त दिवस पुरायला हवी.

अचानक तोंड वाकडं होणं, एक हात लुळा पडणं किंवा बोबडी वळणं हा विसराळूपणा नव्हे, तो पक्षाघात आहे. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. सीटी स्कॅन असलेल्या रुग्णालयातच थेट जा.

प्रश्न : नवरा जोरात घोरतो, मध्येच श्वास थांबतो, दिवसा मीटिंगमध्ये डुलक्या घेतो. याचा लक्ष न लागण्याशी संबंध आहे का?

उत्तर : हो. याला स्लीप अ‍ॅप्निया, म्हणजे झोपेत श्वास अडण्याचा आजार म्हणतात. त्यात रात्रभर प्राणवायू पुनःपुन्हा उतरतो आणि मेंदूला गाढ झोप मिळत नाही. सकाळचा रक्तदाबही त्याने चढतो. स्लीप स्टडी, म्हणजे झोपेतल्या श्वासाची तपासणी, आता घरीही करता येते. निदान झालं तर वजन उतरवणं आणि सीपॅप, म्हणजे मुखवट्यातून हवेचा दाब देऊन श्वासमार्ग उघडा ठेवणारं यंत्र, लावणं हे मुख्य उपचार. तोवर कुशीवर झोपवा. रात्री दारू नको आणि झोपेची गोळी तर डॉक्टरांना न विचारता मुळीच नको, दोन्हींनी घशाचे स्नायू आणखी सैल पडतात आणि श्वास जास्त वेळ अडतो.