बिस्मार्कला फुल सेकंडरी बिल्ड लावूनही पाच मिनिटांत का बुडतो?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा: वर्ल्ड ऑफ वॉरशिप्स या युद्धनौकांच्या ऑनलाइन गेममध्ये नुकतीच बिस्मार्क (टियर ८, म्हणजे आठव्या पायरीची जर्मन बॅटलशिप) घेतलीत, कॅप्टनचे जवळजवळ सगळे पॉइंट सेकंडरी गन्सवर (जवळच्या शत्रूवर आपोआप चालणाऱ्या छोट्या तोफांवर) टाकलेत, जहाजाला लावायचं सुधारणेचं मॉड्यूलही तेच लावलंत, आणि तरी दर मॅचला पाच-सात मिनिटांत जहाज तळाला, तर बिल्डमध्ये (स्किल आणि मॉड्यूलच्या निवडीत) काय चुकलं.

मी आशिया सर्व्हरवर बरीच वर्षं बॅटलशिपच खेळतोय आणि जर्मन लाइन सगळ्यात आधी केली, त्यामुळे हे दुखणं चांगलं ओळखीचं आहे. बिल्ड थोडा बदलायला हवा, पण तुम्ही बुडताय ते बिल्डमुळे नाही, वळताना बुडताय. कुठल्याही एका मॅचचा रिप्ले लावा आणि शेवटची दोन मिनिटं बघा, आपलं जहाज शत्रूला नेमकं कधी आडवं दिसतंय तेवढंच बघायचं.

बिस्मार्कचं नाक ३२ एमएमचं आहे. एपी (चिलखत भेदणारा) गोळा चिलखताला ३० अंशांपेक्षा कमी कोनात घासून आला की तो उडून जातो, फक्त गोळ्याचा व्यास चिलखताच्या १४.३ पटीहून जास्त असेल तर कोन कितीही असो, तो आत शिरतोच, यालाच ओव्हरमॅच म्हणतात. ३२ गुणिले १४.३ म्हणजे साधारण ४५८, म्हणून माँटाना या अमेरिकी बॅटलशिपच्या ४०६ एमएमच्या तोफा तुमच्या नाकावर फुकट जातात आणि यामाटो या जपानी बॅटलशिपच्या ४६० एमएमच्या मात्र आरपार शिरतात. टियर ८ ला टियर १० ची जहाजंसुद्धा समोर येतात, तेव्हा मॅच सुरू होतानाच टीमची लिस्ट बघून ठेवा, समोर यामाटो असेल तर नाक तिच्याकडे धरून उभं राहण्यात अर्थ नाही, तिच्या आणि आपल्यामध्ये बेट हवं.

आता आडवं झाल्यावर काय होतं ते बघा. बिस्मार्कचं सिटाडेल (इंजिन आणि दारूगोळ्याचा गाभा) जवळून फोडणं खरंच अवघड आहे कारण आतलं उतरतं चिलखत, आणि याच भरवशावर लोक बिनधास्त बाजू दाखवतात. पण सिटाडेल न लागताही आत शिरलेला प्रत्येक एपी गोळा त्याच्या पूर्ण डॅमेजच्या ३३ टक्के देतो. नॉर्थ कॅरोलिनाचा गोळा १३,१०० चा आहे, म्हणजे एका गोळ्याला चार हजार तीनशेच्या वर, त्यातले चार-पाच लागले की तुमच्या ६९,३०० एचपीमधले (जहाजाच्या जीवातले) वीस हजार एका सॅल्व्होत, म्हणजे एकदम डागलेल्या गोळ्यांत, गेले, आणि तेव्हा तुमच्याकडे बघणारं जहाज एकच असतं असंही नाही.

खरी बिस्मार्क आठवा. २४ मे १९४१ ला डेन्मार्क सामुद्रधुनीत हूड ही ब्रिटिश युद्धनौका तिच्यावर नाक पुढे करून धावत होती, कारण डेकचं चिलखत पातळ आणि लवकर जवळ जायचं होतं, पण त्यामुळे फक्त पुढचे टरेट (तोफांचे फिरते बुरूज) चालत होते. मागचे टरेट चालावेत म्हणून डावीकडे वळायचा हुकूम झाला आणि त्या वळणातच बिस्मार्कचा सॅल्व्हो लागून दारूगोळा फुटला. १,४१८ पैकी ३ माणसं वाचली. गेमची तुलना त्याच्याशी होऊच शकत नाही हे मला माहितीये, पण मागचे दोन टरेट चालवायचा मोह किती महाग पडतो हे मला गाईड वाचून नाही, हे वाचून कळलं.

म्हणून माझा सल्ला असा की आधी कन्सीलमेंट (शत्रूला कमी अंतरावरूनच दिसणं) घ्या. कॅप्टनचं ४ पॉइंटचं कन्सीलमेंट स्किल १० टक्के देतं, पाचव्या स्लॉटचं मॉड्यूल आणखी १० टक्के, दोन्ही मिळून १९. समजा जहाज १६ किलोमीटरवरून दिसतंय तर ते १३ च्या आत येतं. लोक म्हणतात बॅटलशिपला लपून काय करायचंय, तर ते लपायला नाहीच, ते वळायला आहे. मुख्य तोफा डागल्या की २० सेकंद तुम्ही थेट तोफांच्या रेंजपर्यंत दिसता. तर मागे फिरायचं ठरलं की आधी गोळीबार थांबवा, मनात वीस मोजा, स्क्रीनवरची दिसल्याची खूण गेली का बघा आणि मगच रडर फिरवा. वर एखादा डीडी (डिस्ट्रॉयर) किंवा विमान तुम्हाला स्पॉट करत असेल तर खूण जाणारच नाही, मग वळू नका, नाक तसंच धरून रिव्हर्स घ्या, हळू असतं पण जीव वाचतो. हे जमायला मला कितीतरी मॅच लागल्या, कारण तोफा लोड झालेल्या असताना माऊसवरचं बोट थांबवणं फार जड जातं.

दुसरं स्किल आगीचं, तेही ४ पॉइंटचं, त्याने एका वेळी चारऐवजी तीनच आगी लागतात. बॅटलशिपवर एक आग पूर्ण ६० सेकंद जळली तर १८ टक्के एचपी खाते, म्हणजे तुमचे साडेबारा हजार. तरीही एका आगीला लगेच आर (आग विझवायचं, पाणी थांबवायचं बटण) दाबू नका. आगीचं नुकसान हीलने (जहाजाच्या दुरुस्तीने) पूर्ण भरून येतं, आणि आर वापरल्यावर पुढच्या मिनिटाभरात टॉर्पेडो लागून पाणी शिरलं तर हातात काही उरत नाही. दोन आगी असतील तर दाबा.

हे दोन झाल्यावर उरलेले पॉइंट खुशाल सेकंडरीला द्या, तिसऱ्या स्लॉटचं सेकंडरी मॉड्यूलही राहू दे, मी स्वतः तसंच ठेवतो कारण ती मजा मलाही सोडवत नाही. फक्त ती वापरायची वेळ बदला. सुरुवातीला बारा विरुद्ध बारा असताना पुढे घुसलात तर सेकंडरी एकावर चालते आणि पाच जण तुमच्यावर. दहा-बारा मिनिटं झाली, एक बाजू रिकामी झाली, समोर दोन जहाजं उरली आणि त्यातलं एक आधीच अर्धं आहे, तेव्हा हायड्रो चालू करून बेटाच्या कडेने जवळ जा, बिस्मार्कला हायड्रो मिळतो तो नेमका याच वेळेसाठी, स्मोकमधला डीडीही दिसतो आणि टॉर्पेडोही आधी दिसतात. तोवर १५ किलोमीटरच्या आसपास तिरकं राहून मेन गन चालवा.

दहा मॅच अशा खेळून बघा आणि कमेंटमध्ये सांगा, एखाद्या मॅचमध्ये कुठे अडलात ते मॅपचं नाव आणि कोणत्या बाजूने गेलात ते लिहा, मी बघतो.