देश एक, मुलं सहा
शंका-समाधान : वर्गातला परदेश-प्रकल्प

दुसऱ्या सत्रात पुण्यातल्या बऱ्याच शाळांत ‘एका परदेशाची ओळख’ हा गटप्रकल्प असतो. त्याबद्दल शिक्षक, पालक आणि मुलांनी पाठवलेल्या प्रश्नांपैकी काहींची उत्तरं या अंकात देत आहोत.

प्रश्न : आठवीच्या वर्गात ४८ मुलं आहेत. सहा-सहांचे आठ गट करून प्रत्येकाला एक देश देते. दरवर्षी आठही तक्ते सारखेच दिसतात : राजधानी, चलन, राष्ट्रीय प्राणी, झेंडा, दोन प्रसिद्ध इमारती. मुलांनी काही शोधलंय असं वाटतच नाही. काय बदलू?
– शिक्षिका, सिंहगड रस्ता

उत्तर : नुसतं देशाचं नाव देऊ नका, त्या देशाबद्दलचा एक प्रश्न द्या. ‘ब्राझील’ एवढंच सांगितलं की मूल समोर येईल ते पान उतरवून काढतं. त्यात त्याची चूक नाही, आपण विचारलंच तेवढं असतं. त्याऐवजी ‘ब्राझीलने १९६० साली राजधानी रिओ दि जानेरोहून ब्राझिलियाला का हलवली?’ असं विचारून बघा. मग नकाशा उघडावाच लागतो. वस्ती किनाऱ्याला दाटलेली आणि आतला प्रदेश विरळ, हे दिसतं. तिथून हवामान, जंगल, रस्ते, शेती हे सगळं ओघाने येतं. राज्य मंडळाच्या दहावीच्या भूगोलाच्या पुस्तकात भारत आणि ब्राझील यांचीच तुलना आहे. आठवीच्या गटाने एखाद्या ताईचं-दादाचं ते पुस्तक मागून आणावं. विश्वासाची माहिती, तीही मराठीत, इतकी एकत्र क्वचित मिळते.

असे प्रश्न प्रत्येक देशासाठी सापडतात. इजिप्त एवढा मोठा, तरी जवळजवळ सगळी माणसं नाईलच्या काठी आणि त्रिभुज प्रदेशातच का राहतात? नेदरलँड्सची सुमारे चौथा हिस्सा जमीन समुद्रसपाटीच्या खाली आहे, मग समुद्र आत का येत नाही? (१९३२ साली पुरा झालेला ३२ किलोमीटरचा बांध हा या उत्तराचा गाभा.) केनिया विषुववृत्तावर, मग ५,१९९ मीटर उंचीच्या माउंट केनियावर बर्फ कसं?

मराठी वर्गासाठी आमची पहिली पसंती मात्र मॉरिशसला आहे, आणि आश्चर्य म्हणजे तो देश फार थोडे गट घेतात. क्षेत्रफळ सुमारे २,०४० चौरस किलोमीटर, म्हणजे पुणे जिल्ह्यात साडेसात वेळा मावेल. १८३४ पासून तिथे उसाच्या मळ्यांसाठी भारतातून करारबद्ध मजूर नेले गेले. ते जिथे उतरले तो पोर्ट लुईमधला आप्रवासी घाट २००६ पासून जागतिक वारसा यादीत आहे. त्यांच्यात मराठी माणसंही होती, आणि तिथल्या शाळांमधून आजही मराठी शिकवली जाते. ‘समुद्रापलीकडे मराठी कशी पोचली?’ या एका प्रश्नाने इतिहास, शेती आणि भाषा तिन्ही उलगडतात.

आता कामाची वाटणी. ‘तू इतिहास, तू खाणं, तू खेळ’ अशी विषयवार फाळणी केली की शेवटी सहा वेगवेगळे प्रकल्प एका तक्त्यावर चिकटवले जातात. त्याऐवजी पहिला आठवडा फक्त कार्डांचा ठेवा. पोस्टकार्डाएवढी कार्डं, प्रत्येक मुलाला चार. एका कार्डावर एकच माहिती, स्वतःच्या शब्दांत. मागच्या बाजूला ती कुठे मिळाली आणि कोणत्या सालची आहे. गटाची २४ कार्डं होतात. ती जमिनीवर पसरून सगळ्यांनी वाचायची आणि आपल्या प्रश्नाचं उत्तर द्यायला ज्यांचा उपयोग नाही ती बाजूला काढायची. साधारण निम्मी गळतात, आणि गळायलाच हवीत. मुलं सर्वांत जास्त शिकतात ती या निवडीच्या तासाला, तेव्हा त्यासाठी पूर्ण तास द्या. दुसऱ्या आठवड्यात तक्ता, तिसऱ्यात सराव आणि सादरीकरण. कार्डं तपासून होईपर्यंत तक्त्याचा कागद विकतच आणू देऊ नका. कागद घरात आला की सगळा जीव नक्षीच्या किनारीत जातो.

गुण २० असतील तर त्यातले ८ गुण कार्डांना ठेवा. सजावटीला २ पुरेत.

प्रश्न : मुलाच्या प्रकल्पासाठी ब्राझीलची लोकसंख्या शोधली. एकीकडे २०.३ कोटी, दुसरीकडे २१ कोटींच्या वर. खरी कोणती धरायची?
– एक पालक, चिंचवड

उत्तर : दोन्ही आकडे दोन वेगळ्या गोष्टी सांगतात. २०.३ कोटी हा २०२२ च्या जनगणनेतला आकडा, म्हणजे मोजलेला. मोठा आकडा अंदाजाचा. आधीच्या जनगणनेवरून दरवर्षी किती वाढ झाली असेल ते गणिताने काढतात आणि पुढची जनगणना होईपर्यंत तोच आकडा सगळीकडे फिरतो. ब्राझीलमध्ये प्रत्यक्ष मोजणी अंदाजापेक्षा कमी भरली, म्हणून ही तफावत. प्रकल्पात ‘२०.३ कोटी, जनगणना २०२२’ असं सालासकट लिहावं. साल नसलेला आकडा कार्डावर घ्यायचाच नाही, हा नियम मुलाला आत्ताच लावून द्या.

तुलना करताना खरा घोटाळा होतो. भारताचा २०११ च्या जनगणनेतला १२१ कोटी हा आकडा आणि ब्राझीलचा २०२२ चा आकडा शेजारी ठेवले तर तुलना अकरा वर्षांनी चुकते. दोन्ही देशांचे आकडे एकाच संस्थेच्या एकाच वर्षाच्या तक्त्यातून घ्या. जागतिक बँकेचे तक्ते फुकट बघता येतात. इंग्रजी पानावरून उतरवताना शून्यंही सांभाळा : एक मिलियन म्हणजे १० लाख, एक बिलियन म्हणजे १०० कोटी. २०३ मिलियनचे २०३ लाख झालेले तक्ते बघायला मिळतात.

मोबाइलवरच्या एआयला विचारून लिहिलेली माहिती असेल तर तीही चालेल, पण दुसऱ्या ठिकाणी पडताळल्यावरच. चुकीचं उत्तरही ते बरोबर उत्तराइतक्याच ठामपणे देतं.

प्रश्न : आमच्या गटाकडे जपान आहे. मी झेंडा काढला, पण गोळा फार मोठा झाला असं बाई म्हणाल्या. झेंड्याचं माप असतं का? आणि अप्पा बळवंत चौकातून काय काय आणायचं?
– इयत्ता नववी, सदाशिव पेठ

उत्तर : असतं, आणि ते कायद्यात लिहिलेलं असतं. जपानच्या झेंड्याची उंची आणि लांबी २:३, गोळ्याचा व्यास उंचीच्या तीन-पंचमांश आणि मध्य बरोबर झेंड्याच्या मध्यावर. म्हणजे २० सेंटिमीटर उंच आणि ३० लांब कागद घेतलास तर कंपासमध्ये ६ सेंटिमीटर त्रिज्या धर. जमलं.

शेजारच्या गटाकडे बांगलादेश असेल तर त्यांनाही सांग, की त्यांच्या झेंड्यातला लाल गोळा मधोमध नसतो, काठीच्या बाजूला सरकलेला असतो. ३० × १८ सेंटिमीटरच्या झेंड्यात त्याचा मध्य काठीकडच्या कडेपासून १३.५ सेंटिमीटरवर येतो आणि त्रिज्या ६ सेंटिमीटर. झेंडा वाऱ्यावर फडकताना गोळा मध्यभागी दिसावा म्हणून ही योजना. नेपाळचा झेंडा चौकोनी नाही आणि स्वित्झर्लंडचा चौरस आहे, हेही तक्ते रंगवताना बऱ्याचदा विसरलं जातं.

सामान थोडंच आण. फिक्या रंगाचे दोन कार्डशीट, जाड टोकाचे काळा आणि निळा असे दोन मार्कर, डिंकाची कांडी आणि दोन्ही बाजूंनी चिकटणारी पट्टी. पातळ फेव्हिकॉल लावू नकोस. कागद ओला होऊन फुगतो आणि वाळल्यावर सुरकुत्या राहतात. थर्माकोल नको, सजावटीच्या थर्माकोलवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे. फुजी पर्वताचं मॉडेल करायचं तर बुटांच्या खोक्याचा पुठ्ठा आणि वर्तमानपत्राचा लगदा उत्तम. शीर्षकाची अक्षरं ५ सेंटिमीटर उंच ठेव, बाकीची दोनपेक्षा कमी नको. शेवटच्या बाकावरून वाचता येत नसेल ते काढूनच टाक.

नकाशात भारत दिसत असेल तर सीमा भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशाप्रमाणेच हव्यात. परदेशी संकेतस्थळांवरचे नकाशे तसेच छापू नकोस, त्यांत जम्मू-काश्मीरची सीमा वेगळी दाखवलेली असते. भिंतीवरच्या जगाच्या नकाशावरून देशांचे आकारही ठरवू नकोस. गोल पृथ्वी सपाट कागदावर आणताना ध्रुवांजवळचे प्रदेश ताणले जातात. त्यामुळे ग्रीनलँड आफ्रिकेएवढं भासतं, पण आफ्रिका खरं तर चौदापट मोठी आहे.

प्रश्न : सादरीकरणाच्या दिवशी खाऊचा स्टॉल आहे, गटाकडे जपान. बाहेरून मागवायचं नाही असा शाळेचा नियम. शिवाय मुलींना किमोनो नेसवायचा म्हणतात. ते योग्य दिसेल का?
– एक आई, बाणेर

उत्तर : ओनिगिरी करा, म्हणजे भाताचे दाबलेले त्रिकोण. त्यासाठी जपानी तांदूळ शोधत फिरायची गरज नाही; मावळातला इंद्रायणी पुरेसा चिकट असतो. बासमती किंवा जुना कोलम घेतला तर त्रिकोण हातातच सुटतो. दोन वाट्या इंद्रायणी पाणी नितळ येईपर्यंत धुवा, अर्धा तास भिजवा आणि अडीच वाट्या पाण्यात शिजवा. तांदूळ नवा असेल तर पाणी थोडं कमी. तेल-तूप अजिबात घालू नका, शितं एकमेकांना धरत नाहीत. भात हाताला सोसेल इतका गरम असतानाच तळहाताला मिठाचं पाणी लावून अर्धी-अर्धी वाटी भात दाबा. साधारण दहा होतात. आत जपानी लोक उमेबोशी, म्हणजे खारवलेलं आंबट फळ, घालतात; त्याऐवजी लिंबाच्या लोणच्याची फोड घातलीत तर पाटीवर तसं स्पष्ट लिहा. व्हिनेगर नको, ते सुशीच्या भातात. समुद्रशैवालाची पट्टी वाढताना लावा, आधी लावली तर मऊ पडते. भात फ्रिजमध्ये ठेवला तर कडक होतो आणि बाहेर फार वेळ राहिला तर बाधतो, म्हणून सकाळी करून छोट्या सुट्टीतच संपवा.

मिसो सूपचा विचार असेल तर सावध. त्याचं मूळ पाणी, दाशी, बहुधा सुकवलेल्या माशाचं असतं, आणि तयार पाकिटांतही ते असतं. शाकाहारी मुलांसाठी घटकांची यादी वाचा. कुणाला कशाची अॅलर्जी आहे ते वर्गशिक्षकांना आधी विचारून घ्या.

किमोनोला हरकत नाही, पण तो खरा असावा किंवा नसावाच. कुणाकडून मिळाला तर डावी बाजू उजव्या बाजूवर यायला हवी. उलटं नेसणं मृतासाठी असतं, जपानी माणसाला ते लगेच खटकतं. नायलॉनच्या गाऊनला पट्टा बांधून ‘जपानी’ म्हणण्यापेक्षा मुलींनी शाळेच्या गणवेशात उभं राहावं. आफ्रिकेतल्या देशाच्या गटाने चेहरे काळे रंगवणं तर कुणीही करू देऊ नये. कुणाच्याही कातडीचा रंग हा पोशाख नव्हे.

प्रश्न : पुण्यातच प्रत्यक्ष बघण्यासारखं, विचारण्यासारखं काही आहे का?
– शिक्षक, हडपसर

उत्तर : जपानच्या गटाने सिंहगड रस्त्यावरच्या पु. ल. देशपांडे उद्यानात जावं. ओकायामातल्या कोराकुएन या बागेच्या धर्तीवर ते केलेलं आहे. कोराकुएनमध्ये नदीपलीकडचा किल्लाही बागेच्या देखाव्यात धरलेला आहे. आपल्या बागेतून कुंपणापलीकडचं काय काय दिसतं ते मुलांनी उभं राहून चितारावं. जर्मनीच्या गटाने औंधच्या ब्रेमेन चौकाच्या नावापासून सुरुवात करावी. उच्चारांसाठी फर्ग्युसन रस्त्यावरचं रानडे इन्स्टिट्यूट आहे, तिथे विद्यापीठाचा परकीय भाषांचा विभाग चालतो. कुणी विद्यार्थी दहा मिनिटं देईल का ते शिक्षकांनी आधी विचारून ठेवावं. मुलांची झुंड थेट नेऊ नये.

नात्यातलं कुणी त्या देशात असेल तर पाच प्रश्न आदल्या दिवशी लिहून पाठवा आणि वेळेचा हिशोब करा. पुण्यात संध्याकाळचे सात वाजतात तेव्हा जर्मनीत हिवाळ्यात दुपारचे अडीच, उन्हाळ्यात साडेतीन. ‘तिकडे कसं आहे?’ या प्रश्नाला उत्तर येत नाही. ‘शाळेत जाताना दप्तरात काय असतं?’ याला येतं.

प्रश्न : आठ मिनिटांत सहा मुलांनी बोलायचं. एकच मुलगी सगळं बोलते, एक मुलगा तोंडच उघडत नाही.
– शिक्षिका, येरवडा

उत्तर : प्रत्येकाला एक मिनिट, म्हणजे साधारण शंभर शब्द. उरलेली दोन मिनिटं वर्गाच्या प्रश्नांना. स्वतः शोधलेली कार्डं स्वतः सांगायची नाहीत, शेजाऱ्याची सांगायची, असा नियम करा. मग समजून घेतल्याशिवाय बोलता येत नाही, आणि बोलक्या मुलीला आपली माहिती दुसऱ्याला नीट समजावून द्यावी लागते. हातात पाठ केलेला कागद नको, पाच शब्दांची चिठ्ठी असावी. न बोलणाऱ्या मुलाला नकाशापाशी उभं करा. बोट ठेवून तीन ठिकाणं दाखवायची आणि नावं सांगायची, एवढंच त्याचं काम. हाताला काम असलं की आवाज सुटतो. घड्याळ लावून दोनदा सराव घ्या.

प्रोजेक्टर वापरणार असाल तर फाइल पीडीएफ करून न्या. घरच्या संगणकावरचा मराठी फाँट शाळेच्या संगणकावर नसला तर पडद्यावर नुसती चिन्हं येतात आणि आठातली चार मिनिटं त्यातच जातात.