ऑनलाइन मार्केटप्लेसवर 'बावीस कॅरेट गोल्ड ठुशी' 1,899 रुपयांना दिसतेय, विक्रेत्याचं रेटिंगही चांगलं आहे. आईसाठी घेऊ का?

सोनं समजून घेणार असाल तर अजिबात नको. बावीस कॅरेटचं एक ग्रॅमसुद्धा या पैशात येत नाही आणि ठुशी काही एका ग्रॅमात होत नाही. त्याच पानावर खाली 'बेस मेटल' असा रकाना असतो, तो उघडून बघा. बहुतेक तिथे ब्रास किंवा कॉपर लिहिलेलं सापडेल. शीर्षकातलं 'गोल्ड' हे पॉलिशपुरतं. 'वन ग्रॅम गोल्ड'चंही तेच. त्यात खरंच एक ग्रॅम सोनं असतं असं समजणारे लोक अजून भेटतात.

मी सराफी पेढीवर बसतो, त्यामुळे ऑनलाइन मागवलेले दागिने घेऊन 'जरा बघता का' म्हणत बरेच जण येतात. पॉलिशचा दागिना पॉलिशचा म्हणून घेतला तर त्यात वाईट काहीच नाही. फक्त रिव्ह्यू वाचताना डबा उघडल्या उघडल्या काढलेले फोटो सोडून द्या. वापरून काही महिने झालेल्यांचे फोटो शोधा आणि मागच्या दोरीजवळचे मणी बघा. घाम तिथेच लागतो, काळं पडायला सुरुवातही तिथूनच होते.

खरं सोनं ऑनलाइन घ्यायचं असेल तर रेटिंगपेक्षा हॉलमार्क, म्हणजे शुद्धतेची अधिकृत खूण, बघा. दागिन्यावर तीन खुणा हव्यात: बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) त्रिकोणी शिक्का, शुद्धता (बावीस कॅरेटला 22K916) आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या एकाच दागिन्याचा ओळख नंबर. 1 एप्रिल 2023 पासून एचयूआयडी नसलेला हॉलमार्कचा सोन्याचा दागिना दुकानदाराला विकता येत नाही. दोन ग्रॅमच्या आतले दागिने आणि कुंदन, पोलकी, जडाव यांना हॉलमार्कच्या सक्तीतून सूट आहे. त्यामुळे इवल्याशा चमकीवर शिक्का नसला म्हणजे फसवलंच, असं धरू नका.

नुसता नंबर कोरलेला बघून मात्र थांबायचं नाही. बीआयएस केअर ॲपमध्ये 'व्हेरिफाय एचयूआयडी' आहे, तिथे तो टाका. शुद्धता कळतेच, पण दागिन्याचा प्रकारही दिसतो आणि लोक नेमका तोच वाचत नाहीत. एका गिऱ्हाइकानं आणलेल्या नेकलेसचा नंबर टाकला तर ॲपनं अंगठी दाखवली! नंबर खरा होता, दुसऱ्याच दागिन्याचा उचललेला.

वजनाचंही बघा. बोरमाळेच्या मण्यांत लाख असते, नथीत मोती आणि खडे. विक्रेता एकूण वजन मोठ्या अक्षरात लिहितो, तुम्हाला हवं असतं निव्वळ सोन्याचं वजन. ते, कॅरेट, घडणावळ आणि हॉलमार्किंगचा खर्च बिलावर वेगवेगळा लिहिलेला हवा. 'बिल नंतर पाठवतो' म्हणणाऱ्याकडून मी तरी चांदीचं जोडवंही घेणार नाही. चांदीवरून आठवलं, 'जर्मन सिल्व्हर'मध्ये चांदी नसते. तांबं, निकेल आणि जस्त असतं. निकेलनं कातडीला खाज सुटणारे असतील तर जपून.

पैसे साइटवरच भरा. 'व्हॉट्सॲपवर या, पाचशे कमी करतो' असा मेसेज आला की समजायचं, याला साइटची परतीची अट चुकवायची आहे. पार्सल फोडण्याआधी लेबल आणि सील दिसेल असा व्हिडिओ सुरू करा आणि दागिना काट्यावर ठेवेपर्यंत तो थांबवू नका. टॅग तोडू नका. परतीची मुदत संपायच्या आत ओळखीच्या सराफाला दाखवा किंवा हॉलमार्किंग केंद्रात तपासून घ्या. आपल्याकडे लोक दिवाळीला घेतात, कपाटात ठेवतात आणि गुढीपाडव्याला घालायला काढल्यावर शंका येते.

हॉलमार्कच्या दागिन्यात शुद्धता कमी निघाली, तर बीआयएसच्या नियमांप्रमाणे कमी भरलेल्या सोन्याच्या रकमेच्या दुप्पट भरपाई आणि तपासणीचा खर्च मागता येतो. साइटच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी कळवा. 48 तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण करणं त्यांना बंधनकारक आहे. दाद लागली नाही तर ग्राहक हेल्पलाइन 1915.

आता तुमच्या ठुशीचं. 1,899 रुपयांत पॉलिशची चांगली ठुशी येते, तशी हवी असेल तर खुशाल घ्या, पण आईला आधीच सांगून द्या. नाहीतर एखाद्या दिवशी आई ती मोडायला पेढीवर घेऊन येतील आणि ते सांगायची वेळ आमच्यावर येईल.