सांगलीत चार लेनची बोलिंग अ‍ॅली ४० लाखांत होईल का? जागा घरचीच आहे, मामांचं ८० बाय ४०चं गोडाऊन.

उत्तर द्यायचं नव्हतं, पण ‘जागा घरचीच’ वाचलं आणि राहवलं नाही. आमचीही घरचीच होती. कोल्हापूर रोडला दाजींचं गोडाऊन, मापही हेच, ८० बाय ४०. २०१७च्या दसऱ्याला नारळ फोडला आणि २०१९च्या मार्चमध्ये शटर ओढलं.

आधी टेप घ्या आणि आतून मोजा. आमचं ८० फूट हे बाहेरून होतं, आतून भरलं साडेअठ्ठ्याहत्तर. फाउल लाइन म्हणजे बॉल सोडताना ओलांडायची नाही ती रेघ, तिथपासून पुढच्या पिनपर्यंत ६० फूट लागतात. रेघेच्या अलीकडे चार पावलं टाकून बॉल सोडायला किमान १५. पिना उभ्या राहतात ती जागा, त्यामागचं पिना मांडणारं मशीन आणि मेकॅनिकला वावरायची गल्ली धरली की आकडा ८५च्या पुढं जातो. यात अजून एकही खुर्ची आलेली नाही. हे मी दाजींना कागदावर काढून दाखवलं. ते म्हणाले, “पावणं, पाच-सात फुटांसाठी घरची जागा सोडून भाडं भरत बसायचं व्हय?”

मग काय, मागची भिंत फोडली. बाहेर दहा फुटांची पत्र्याची पडवी काढली आणि मशीनचं बूड त्या पडवीत गेलं. पहिल्याच पावसाळ्यात पत्रा आणि भिंतीच्या सांध्यातनं पाणी ठिबकायला लागलं, ते थेट तीन नंबरच्या मोटारीवर. एम-सील लावलं, डांबर लावलं, शेवटी वर फ्लेक्स टाकला. कुठल्या तरी वाढदिवसाचा होता. गिऱ्हाईक पुढं स्ट्राइक मारतंय आणि मागं भाऊसाहेबांच्या हसऱ्या चेहऱ्याखाली आमचा कामावरचा पोरगा बादली घेऊन उभा.

फरशीचं तर विचारूच नका. गोडाऊनची फरशी धुवायला बरी पडावी म्हणून दाराकडं उतार देऊन केलेली असते. लेन सपाटीत एखाद्या मिलिमीटरच्या आतबाहेर बसवायची असते, आमच्या कोब्यात एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चार इंचांचा फरक. खाली लाकडी सांगाडा आणि पाचरी घालून तो उचलून घेतला. हा खर्च आमच्या यादीत नव्हताच. यादी ३८ लाखांवर थांबली होती, शटर उघडेपर्यंत ५३ गेले. वाढलेल्या पंधरातले निम्म्याहून जास्त त्या ‘फुकट’ जागेनं खाल्ले. कुपवाडला शंभर फुटी शेड भाड्यानं मिळत होतं, मी बघून आलो होतो, हे दाजींना अजून पटत नाही.

मशीनबद्दल थोडक्यात. एका मॉलमधून काढलेली जुनी फ्री-फॉल मशीन, म्हणजे सुट्या पिना उचलून परत मांडणारी, स्वस्तात मिळतायत म्हणून घेऊ नका. शेकड्यांनी सुटे भाग असतात, आणि मेकॅनिक मुंबईहून रात्रीच्या गाडीनं येतो. त्याचं जाणं-येणं, लॉज, दोन दिवसांची मजुरी, आणि बिघाड नेमका रविवारी संध्याकाळी. दोनदा तर पोरानं मागं बसून हातानं पिना मांडल्या, एकेक पिन दीड किलोची. अमेरिकेत मशीन यायच्या आधी पोरं हेच काम करायची म्हणे. स्ट्रिंग मशीन घ्या, पिनांना वरून दोरी बांधलेली असते ते. भाग कमी, वीज कमी, आयटीआय झालेला चुणचुणीत पोरगा सांभाळू शकतो. हाडाचे खेळाडू नाकं मुरडतात, पण अमेरिकेच्या बोलिंग संघटनेनं २०२३मध्ये त्याला वेगळा प्रकार म्हणून मान्यता दिली आहे. आणि सांगलीत हाडाचे खेळाडू किती, ते तुम्हीच मोजा. शिवाय लेन जोडीनंच बसतात, कारण बॉल परत आणणारी यंत्रणा दोन लेनमध्ये एक असते. तीन लेनचा जुगाड कुणी सुचवला तर ऐकू नका.

गल्ल्याचं गणित मात्र कोटेशनच्या आधी करा. एका माणसाच्या एका गेमला दहा मिनिटं धरली तर एक लेन तासाला सहा गेम देते, चार लेन चोवीस. आमचा दर १५० होता, म्हणजे हाऊसफुल्ल तासाला ३,६००. शनिवार-रविवारी रोज चार तास फुल्ल धरा, महिन्यात असे आठ दिवस, झाले १,१५,२००. उरलेल्या २२ दिवसांत आमचे सरासरी पंचवीस गेम व्हायचे, त्याचे ८२,५००. पावणेदोन-दोन लाखांत जीएसटी, एसी आणि जनरेटर, चार पोरांचे पगार, लेनवर पसरायचं तेल, बँकेचा हप्ता. दाजी धरून चालले होते की रोजच रविवार. फेब्रुवारी-मार्चमध्ये परीक्षा असतात हे त्यांना मुलं असूनही आठवलं नाही.

बुटांचंही सांगतो. आम्ही सात-आठ-नऊ नंबरचे ढीग आणले आणि चार-पाचचे सहाच जोड. बायका-पोरी आल्या की बाकावर बसून बुटाची वाट बघायच्या. दुसऱ्याच्या घामाचे बूट नकोत म्हणून कितीतरी जण दारातनं परत गेले. तीस रुपयांचे मोजे ठेवल्यावर जरा सुधारलं.

आता मुद्द्याचं. दाजी लग्नाकार्यात सगळ्यांना सांगतात, “धंदा झ्याक चाललेला, पुरानं बुडवला.” पूर आला ऑगस्ट २०१९मध्ये. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट, पाणी गेलं ५७च्या वर. कोल्हापूर रोड पाण्याखाली होता, खरं आहे. पण तेव्हा लेन आणि मशीन विकून चार महिने झाले होते, आणि गोडाऊन एका हळद व्यापाऱ्याला भाड्यानं दिलं होतं. भिजली ती त्याची हळद. आम्ही बुडालो ते सहा महिन्यांचा खर्च बाजूला न ठेवता सगळा पैसा पीओपी, निळे दिवे आणि फोडलेल्या भिंतीत घातला म्हणून. ताईच्या पाटल्या सोडवायला मला दोन वर्षं लागली.

हे आकडे त्या वेळचे आहेत, आज लेन-मशीनचं ताजं कोटेशन घ्या आणि त्यात कस्टम्स, वाहतूक आणि बसवायची मजुरी आहे का ते लिहून मागा. ४० लाखांत चार लेन मला जमतील असं वाटत नाही, दोन कदाचित. विश्रामबागेकडं गर्दी वेगळी आहे, तिथं चालेलही. मामांचं गोडाऊन कुठल्या भागात आहे ते तुम्ही लिहिलंच नाही, २०१९ला तिथं पाणी किती होतं ते शेजाऱ्यांना विचारा, मामांना नको.

आणि दाजी माणूस वाईट नाही हो. एक पिन त्यांनी ठेवून घेतली आहे, दिवाणखान्यात टीव्हीशेजारी उभी असते. पाहुण्यांनी विचारलं की सांगतात, “पुरातनं वाचलेली.”