पोलीस ठाण्यात तपास अधिकाऱ्याचं काम नेमकं कसं असतं? कमी बोलणाऱ्या माणसाला ते जमतं का?

तुम्ही लिहिलंय की पीएसआयची (पोलीस उपनिरीक्षक) पूर्व परीक्षा निघाली, मुख्यची तयारी चालू आहे आणि घरचे म्हणतायत "तू एवढी कमी बोलतेस, चोरांशी बोलायला तुला कसं जमणार?" मला पीएसआय म्हणून लागून चौदा वर्षं झाली, सध्या एपीआय म्हणजे सहायक पोलीस निरीक्षक आहे, बहुतेक नोकरी तालुक्याच्या ठाण्यांत गेली आणि मधली तीन वर्षं एलसीबीला म्हणजे जिल्ह्याच्या स्थानिक गुन्हे शाखेत. म्हणून जे बघितलंय तेच सांगतो.

पहिली गोष्ट, तालुक्याच्या ठाण्यात नुसता तपास करणारा असा कोणी अधिकारी नसतो. तपास वेगळा आणि कायदा-सुव्यवस्था वेगळी करा असं सुप्रीम कोर्टाने प्रकाश सिंह केसमध्ये 2006 सालीच सांगितलंय, पण छोट्या ठाण्यात माणसंच मोजकी, त्यामुळे सकाळी मोर्चाचा बंदोबस्त, दुपारी कोर्टात साक्ष, संध्याकाळी परत आलं की टेबलावर फाईली तशाच आणि त्यातच ठाणे अंमलदाराचा आवाज येतो, साहेब घरफोडी आहे. गणपती आणि निवडणुकीच्या काळात तर तपास रात्री अकरानंतरच सुरू होतो. हे आधीच माहीत असलेलं बरं, कारण बरीच हुशार पोरं यालाच वैतागतात.

आता बोलण्याचं. एक घरफोडी सांगतो. मळ्यातलं घर, आजी-आजोबा दोघंच राहणारे, दिवसभर लग्नाला गेलेले, संध्याकाळी येऊन बघतात तर कोयंडा उचकटलेला आणि आजींची बोरमाळ आणि पाटल्या गायब. आम्ही पोचलो तोपर्यंत आजींनी पोलीस येणार म्हणून सगळं घर झाडून पुसून घेतलेलं (हे फार वेळा होतं, कोणाकडे चोरी झाली तर कृपा करून कशालाही हात लावू नका असं सांगत जा), म्हणजे ठसे मिळायचा विषयच संपला. डीबीच्या म्हणजे ठाण्यातल्या गुन्हे शोध पथकाच्या पोरांनी रेकॉर्डवरच्या घरफोड्यांची नावं काढायला सुरुवात पण केली होती. मी ओट्यावर आजींजवळ बसलो आणि म्हटलं, आजी, सकाळी उठल्यापासून सांगा. त्या पाऊण तास बोलल्या. कोणत्या एसटीने गेलो, लग्नात जेवण कसं होतं, नवरी कोणाची कोण, सगळं. मध्येच म्हणाल्या, "दागिने तांदळाच्या डब्यात व्हते, आन् बघा साहेब, झाकण बी परत लावून गेलाय मेला, न्हाईतर मुंग्या झाल्या असत्या."

फडताळात अकरा डबे होते, मी मोजले. दहांना कोणी हात लावलेला नव्हता आणि कपाटाचं कुलूप पण शाबूत. बाहेरचा चोर घर उलथंपालथं करतो, त्याला कुठला डबा ते माहीत नसतं आणि मुंग्यांची काळजी तर त्याला अजिबात नसते. तो डबा दिवाळीत कोणी भरून दिला एवढाच प्रश्न मी विचारला आणि आजी गप्प झाल्या. पुतण्या निघाला. त्याने दागिने गहाण टाकून सोन्यावर कर्ज उचललेलं होतं.

आजी दुसऱ्या दिवशी ठाण्यात आल्या, पोराला मारू नका म्हणाल्या, फिर्याद मागं घेते म्हणाल्या. मी त्यांना सांगितलं की गुन्हा दाखल झाल्यावर तो खोडणं माझ्या हातात नसतं, आता जे ठरेल ते कोर्टात. आणि मारला नाही, मारायची गरजही नसते. पोलिसासमोर दिलेली कबुली कोर्ट पुरावा म्हणून घेतच नाही, घेतं ते फक्त आरोपीने सांगितल्यावरून जी वस्तू सापडली तेवढ्यापुरतं, जुन्या एव्हिडन्स ॲक्टचं कलम 27, आता भारतीय साक्ष अधिनियमाचं 23. म्हणजे दोन पंचांसमोर (बाहेरचे साक्षीदार) तो सांगतो की मी दागिने इथे ठेवलेत, त्याचं निवेदन लिहायचं, सह्या घ्यायच्या, मग त्याच्या मागोमाग जायचं आणि त्याने दाखवलेल्या जागेवरून जप्त करायचं, हा क्रम चुकला तर सोनं खरं असूनही केस खोटी वाटायला लागते. मारून बोलतं केलेला माणूस तुम्हाला हवं ते बोलतो, खरं बोलेल याची काहीच खात्री नाही. हे मी नवीन पोरांना हात जोडून सांगतो. अटकेतल्या माणसाच्या हक्कांबद्दलच्या सुप्रीम कोर्टाच्या डी. के. बसू निकालाला 1996 पासून एवढी वर्षं झाली, अटकेचा मेमो, नातेवाईकांना कळवणं, कोठडीत दर 48 तासांनी मेडिकल, हे सगळं मनापासून करणारा अधिकारी शांत झोपतो.

ऐकणं हा अर्धा तपास आणि उरलेला अर्धा लिहिणं. इथे माझीच चूक सांगतो. नोकरीचं तिसरं वर्ष, पहाटे दूध घालायला निघालेल्या एका माणसाला अडवून चाकू दाखवून मोबाईल आणि पैसे नेले होते. आठवड्यात आरोपी सापडला, मोबाईल त्याच्याच घरात मिळाला, मी रात्री दीडला पंचनामा लिहिला आणि आयएमईआयच्या म्हणजे मोबाईलच्या ओळख क्रमांकाच्या पंधरा आकड्यांपैकी शेवटचे दोन उलटे लिहिले, 86 चे 68. कोणाच्या लक्षात आलं नाही, माझ्या वरिष्ठांच्याही नाही. चार वर्षांनी केस बोर्डावर आली, तोवर एक पंच फितूर झालेला, आणि आरोपीच्या वकिलांनी मला पिंजऱ्यात शांतपणे विचारलं, बिलावरचा नंबर वाचा, आता पंचनाम्यातला वाचा, मग हा तोच मोबाईल कशावरून? संशयाचा फायदा देऊन निर्दोष सुटला. तो दूधवाला बाहेर व्हरांड्यात उभा होता, मला म्हणाला "जाऊ द्या साहेब, तुम्ही प्रयत्न केला." तेव्हापासून प्रत्येक नंबर मी एकदा लिहितो, मग दुसऱ्याला मोठ्याने वाचायला लावतो आणि स्वतः डोळे मिटून ऐकतो.

असंच सीसीटीव्हीचं. फुटेज घ्यायला गेलात की आधी डीव्हीआरवरची (कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग साठवणारं यंत्र) वेळ आणि खरी वेळ यातला फरक पंचनाम्यात लिहा, कारण दुकानातल्या डीव्हीआरचं घड्याळ बरेचदा दहा-वीस मिनिटं मागे-पुढे असतं, आणि आरोपीचा वकील नेमकं त्यावर बोट ठेवतो. आणि जायचं तर त्याच दिवशी जायचं, जुनं रेकॉर्डिंग आपोआप पुसलं जातं, हार्ड डिस्क लहान असेल तर आठ-दहा दिवसांतच. सीडीआरचंही, म्हणजे मोबाईल कंपनीकडून मिळणाऱ्या कॉलच्या नोंदींचंही, लोकांना वाटतं की लोकेशन म्हणजे माणूस कुठे उभा होता ते कळतं, तसं नसतं, टॉवरचा पट्टा कळतो आणि गावाकडे एकाच टॉवरखाली चार-पाच गावं येतात.

1 जुलै 2024 पासून नवीन फौजदारी कायदे आले ते तुम्ही परीक्षेसाठी वाचलेच असतील. प्रत्यक्षात फरक पडलाय तो झडती-जप्तीच्या शूटिंगने, सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिकवाल्यांनी जागेवर येण्याने, आणि 90 दिवसांत फिर्यादीला तपास कुठवर आलाय ते कळवावं लागतं त्याने. हे शेवटचं मला फार आवडलं. लोक ठाण्याच्या पायऱ्या झिजवायचे नुसतं विचारायला. पण 30 जून 2024 पर्यंत घडलेल्या गुन्ह्याला अजूनही भादंविच (जुनी भारतीय दंड संहिता) लागते, त्यामुळे आमच्या डोक्यात दोन्ही कलमं सोबत चालतात, खुनाचं जुनं 302 पण आणि नवीन 103 पण.

अवघड काय वाटतं ते पण विचारलंय तुम्ही. मला खुनापेक्षा आकस्मिक मृत्यू अवघड जातात. विहिरीतून काढलेला माणूस, बाजूला त्याची बायको, आणि तुम्हाला इन्क्वेस्ट म्हणजे मृतदेहाच्या पंचनाम्यात अंगावर काय काय होतं ते एकेक लिहायचंय. कमरेच्या करदोड्यापासून खिशातल्या तंबाखूच्या पुडीपर्यंत. पहिल्या वेळी मला तिला काही विचारताच येईना. आमच्याबरोबर एक जुने हवालदार होते, सगळे त्यांना मामा म्हणायचे, त्यांनी कोणाच्या तरी घरून तांब्याभर पाणी आणलं, तिच्यापुढे ठेवलं आणि खाली मातीत बसून राहिले. वीस मिनिटं कोणीच काही बोललं नाही. मग तिनेच सांगायला सुरुवात केली, बँकेची नोटीस, रात्रीचं भांडण, सगळं.

आणि आता खास तुमच्यासाठी. एलसीबीतून परत ठाण्यात आलो तेव्हा आमच्याकडे एक पीएसआय मॅडम होत्या, अतिशय कमी बोलणाऱ्या, मीटिंगमध्ये तर आवाजच यायचा नाही त्यांचा. पोक्सोचा म्हणजे लहान मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराचा एक गुन्हा आला, मुलगी सात-आठ वर्षांची. कायद्याप्रमाणे जबाब शक्यतो महिला अधिकाऱ्याने घ्यायचा, गणवेशात जायचं नाही, मूल जिथे राहतं किंवा त्याला जिथे बरं वाटतं तिथे जायचं. मॅडम साधा ड्रेस घालून गेल्या. मुलगी अंगणात खडूने रांगोळीचे ठिपके काढत होती, कोणी काही विचारलं की मान खाली. मॅडमनी एक खडू उचलला आणि तिच्या शेजारी बसून ठिपके काढायला लागल्या, तासभर, त्यांचे ठिपके वाकडे आले की पोरगी पुसून नीट करून द्यायची. मी रस्त्यावर गाडीत बसलेलो. तासाभराने ती पोरगी ठिपके जोडता जोडता आपणहून बोलली, आणि मॅडमनी तिचे शब्द तिच्याच भाषेत लिहिले, एक शब्द पण शुद्ध केला नाही. तो जबाब पुढे कोर्टात जसाच्या तसा टिकला.

म्हणून बोलण्याची काळजी सोडा. त्यापेक्षा रोज एक पान हाताने लिहायची सवय ठेवा, डोळ्यासमोरची खोली, तिच्यातल्या वस्तू, कुठली कुठे आहे, किती आहेत, एवढंच. आणि मुख्यच्या अभ्यासात ग्राउंड म्हणजे शारीरिक चाचणीची तयारी सोडू नका, गोळाफेक ऐनवेळी जमत नाही. काही विचारायचं असेल तर कमेंटमध्ये विचारा, बंदोबस्त नसेल त्या रात्री उत्तर देतो.